मदत हवी आहे: पूर आठवतो, चहा आठवत नाही!
मंडळी, आजी नाशिकला पंचवटीत राहते. तिच्या लग्नाच्या वर्षी पुराचं पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला कसं लागलं, ते हाताने माप दाखवून सांगते, पाच मिनिटांनी विचारते, "माझा चहा झाला का गं?" रिकामा कप समोरच.

डॉक्टरांची वेळ घेतलीय, प्रश्न वेगळाच आहे. २०१३ च्या कार्बन-१४ वाल्या (त्यावरून पेशींचं वय काढतात) अभ्यासात माणसाच्या प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला नव्या आठवणी घडवणारा भाग) रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी, असा अंदाज निघाला. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाला प्रौढांत एकही सापडली नाही! उंदरांत तर नव्या पेशी वाढवल्या की जुनी आठवण पुसट झाली. मग या पेशी आठवण पक्की करतात की पुसतात? की जुनी आठवण तोवर कॉर्टेक्सात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) मुरलेली असते, म्हणून पूर टिकला? मेडिकलवालं कुणी सोप्या मराठीत सांगेल का?