घरातलं कासव खात नाहीये, डोळे मिटून बसतंय, काय करू?

मनवा_०७
नमस्कार मंडळी, आमच्याकडे जमिनीवरचं कासव आहे, पाण्यातलं नाही. एका नातेवाइकांकडून आलंय, हर्मन्स जातीचं आहे असं ते म्हणाले होते, तळहाताएवढं आहे साधारण. घरातच असतं, ऊन मिळावं म्हणून काचेची टाकी मुद्दाम खिडकीला लागून ठेवलीये. खायला काकडी, टोमॅटो, लेट्यूस देते आणि अधूनमधून केळं, केळं दिसलं की लगेच पुढे यायचं. पण थंडी सुरू झाली तसं खाणं कमी कमी होत गेलं आणि आता केळ्यालाही तोंड लावत नाही, कोपऱ्यात डोळे मिटून पडून असतं, उचललं की पाय हलवतं थोडे, बस्स. लघवीबरोबर पांढरं काहीतरी पडतं ते नॉर्मल आहे का? आणि पाठीची कड दाबली तर किंचित दबते असं वाटतंय, की भास होतोय मला कळत नाही. कुणी म्हणतं थंडीत कासवं झोपतातच, राहू दे तसंच, कुणी म्हणतं व्हिटॅमिनचे थेंब घाल, कुणी म्हणतं सिरिंजने भरव. जीव टांगणीला लागलाय नुसता, प्लीज कुणीतरी नीट सांगा.

संथ_पाऊल
मनवा, पहिली गोष्ट म्हणजे सिरिंजने काहीही भरवू नका. कासव थंड रक्ताचा प्राणी, त्याला अन्न पचवायला बाहेरून ऊब लागते, अंग गार असताना पोटात ढकललेलं अन्न तसंच पडून कुजतं आणि त्याने जास्त नुकसान होतं. खाणं बंद झालं की सगळेजण आधी खाणं बदलत बसतात, माझं म्हणणं आहे की आधी थर्मामीटर बघा. टाकीत एका टोकाला ऊब देणारा दिवा लावा, त्याच्या बरोबर खाली, कवचाच्या उंचीला ३२ ते ३५ डिग्री पाहिजे आणि दुसरं टोक २२-२५ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तसं गरम-गार करत फिरता येतं. खोलीत आपल्याला बरं वाटतंय म्हणून त्याला बरं वाटेल असं नसतं.

थंडीतल्या झोपेचं म्हणाल तर हर्मन्स झोपतात हे खरंय, पण त्यासाठी ५ डिग्रीच्या आसपास सलग गारवा लागतो, पोट रिकामं लागतं आणि मुख्य म्हणजे प्राणी ठणठणीत लागतो. घरात १५-१८ डिग्रीला काय होतं तर ना धड झोप ना धड जाग, खाणं बंद आणि शरीरातला साठा मात्र संपत राहतो. आजारी वाटणारं कासव झोपवायचं नाही, त्याला जागं आणि उबेत ठेवायचं.

आणि ती खिडकी! काचेतून ऊन दिसतं, ऊबही येते, पण त्यातला यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) भाग साधी काच जवळजवळ पूर्ण अडवते. तो कातडीवर पडल्याशिवाय व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढून घेतं. कड दबते म्हणताय ते यामुळेच असू शकतं, फार लहान पिल्लाचं कवच थोडं लवचिक असतं पण तळहाताएवढ्याचं टणक लागायला हवं. शिवाय बंद काचेच्या टाकीवर थेट कडक ऊन आलं तर आतलं तापमान बघता बघता जिवावर बेतेल इतकं चढतं, तेव्हा ती जागा दोन्ही बाजूंनी चुकीची.

यूव्हीबीची वेगळी ट्यूब घ्या, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची. 'डेलाइट' लिहिलेला साधा एलईडी चालत नाही. मध्ये काच किंवा प्लास्टिकचं झाकण नको, उंची पाकिटावर दिलेली असते तेवढीच, रोज १०-१२ तास चालू आणि रात्री पूर्ण अंधार. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं पेटते पण यूव्हीबी कमी होत जातो, म्हणून बऱ्याच ट्यूब ६ ते १२ महिन्यांत बदलाव्या लागतात.

पानफुटी
वरच्या सगळ्याला +१, फक्त खाण्याबद्दल थोडं. काकडी, टोमॅटो आणि लेट्यूस म्हणजे बहुतेक पाणीच हो, पोट भरतं पण हातात काही येत नाही. हर्मन्स निसर्गात रानटी पाला खात हिंडतात, त्यामुळे डॅन्डेलियनची पानं-फुलं, रुंद पानांचा प्लँटेन (केळीचा नव्हे, रस्त्याकडेला उगवतो तो), क्लोव्हर थोडंसं, जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, हे सगळं आलटून पालटून द्या, मात्र फवारणी केलेलं नको. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. केळं बंदच करा, साखरेने त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू बिघडतात आणि पातळ शी सुरू होते (रेडफूट जातीची कासवं फळं खातात, ते वाचून लोक सगळ्यांनाच फळं देतात, म्हणून जात कुठली ते आधी पक्कं करा). कुत्र्या-मांजराचं खाणं तर कधीच नाही, एवढं प्रोटीन त्यांच्या किडनीला झेपत नाही.

कॅल्शियम कार्बोनेटची साधी पावडर पाल्यावर चिमूटभर भुरभुरवा, शिवाय कटलबोनचा (कटलफिश या समुद्री जीवाचं कॅल्शियमवालं कवच) तुकडा टाकून ठेवा, त्यांना वाटलं की कुरतडतात.

पांढऱ्याबद्दल: ते युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट टाकाऊ भाग, मऊ टूथपेस्टसारखं असेल तर नॉर्मल. बोटांत चोळल्यावर रवाळ लागलं तर पाणी कमी पडतंय. रोज १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच हवं. पुष्कळदा तिथेच पितात आणि तिथेच शी-शू करतात, तेव्हा लगेच पाणी बदला आणि नंतर हात साबणाने धुवा, साल्मोनेला (माणसाचं पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांचे हात आधी.

निळी_छत्री
डोळ्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नुसते मिटलेत की पापण्या सुजल्यात ते बघा. नाकाशी बुडबुडे येतात का, श्वास घेताना तोंड उघडतं का, मान पुढे ताणतं का, शिट्टीसारखा आवाज येतो का? यातलं एकही असेल तर श्वसनाचा संसर्ग असू शकतो आणि मग थांबायचं नाही. कड दबतेय म्हणजे तसंही डॉक्टरकडे न्यायलाच हवं, एक्स-रेमध्ये हाडं कितपत पातळ झालीत ते कळतं. ताजी शी डबीत घालून न्या, जंत तपासता येतात.

डॉक्टर सरपटणारे प्राणी बघणाराच शोधा. आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध कुत्र्यांना, गुरांना सर्रास देतात पण कासवाला ते जीवघेणं ठरतं, हे डॉक्टरांना माहीत आहे ना ते आधी विचारून घ्या. आणि व्हिटॅमिनचे थेंब घरच्या घरी नकोच, ए जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते, डी३ जास्त झालं तर कॅल्शियम नको तिथे साठतं.

मनवा_०७
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मला खरंच कुणी इतकं सविस्तर सांगितलं नव्हतं. आत्ता मोजलं, टाकीत १८ डिग्री आहे. पापण्या सुजलेल्या नाहीत, बुडबुडेही नाहीत, पांढरं मात्र रवाळ लागलं. डॉक्टरची उद्याची वेळ मिळालीये. नेईपर्यंत खायला समोर ठेवू की नको?

संथ_पाऊल
आधी ऊब, मग कोमट पाणी, मग पाला समोर ठेवून बाजूला व्हा, खाल्लं तर खाल्लं, आग्रह नको. दिवा लावलात की लगेच पळायला लागेल असं समजू नका, वेळ लागतो. अंघोळीनंतर पुसून किचनच्या काट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा, पुढे दर आठवड्याला त्याच वेळी घ्या, तब्येत उतरतेय का ते डोळ्यांपेक्षा वजनावर आधी कळतं. नेताना भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल घाला, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून बाजूला ठेवा, त्याच्या अंगाला चिकटून नको. आणि पोटाकडच्या कवचाचा फोटो टाका इथे, जात कुठली ते त्यावरून सांगायला सोपं जातं.