कोव्हॅक्सिन घेतलेल्या आईवडिलांचा अमेरिका प्रवास : नेमके कोणाचे नियम पाहावेत?

घोडबंदरवासी | १५ नोव्हेंबर २०२१

माझे आईवडील ऐरोलीत राहतात. दोघांचे कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस जुलैमध्ये पूर्ण झाले असून अमेरिकेचा पर्यटक व्हिसाही चालू आहे. डिसेंबरच्या मध्यास त्यांना न्यू जर्सीला बहिणीकडे जायचे आहे. ठाण्यातील एजंट लंडनमार्गे दोन वेगवेगळी, स्वस्त तिकिटे सुचवतो आणि व्हिसा व लस असल्यावर काहीच अडत नाही, असे सांगतो. मे महिन्यात मात्र व्हिसा हातात असूनही बहुतेकांना येथून जाता येत नव्हते. नियम कोणत्या क्रमाने तपासावेत?

सानपाडेकर | १५ नोव्हेंबर २०२१

व्हिसा आणि प्रवेशबंदी या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे आपण बरोबर ओळखले आहे. ४ मे रोजी लागू झालेली अमेरिकेची बंदी पासपोर्ट पाहून नव्हे, तर मागील १४ दिवसांत प्रवासी भारतात होता का, हे पाहून लावली जात होती. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक तिच्यातून वगळलेले होते. ८ नोव्हेंबरला ती उठली आणि तिच्या जागी लसीकरणाची अट आली. जागतिक आरोग्य संघटनेने आपत्कालीन वापरासाठी मान्य केलेल्या लसी अमेरिका स्वीकारते आणि कोव्हॅक्सिनला ती मान्यता ३ नोव्हेंबरलाच मिळाली आहे, त्यामुळे आपल्या आईवडिलांना लसीची अडचण येऊ नये. शिवाय निघण्यापूर्वीच्या ३ दिवसांत केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल लागेल. हा हिशेब दिवसांचा आहे, तासांचा नाही. परतताना मात्र एअर सुविधा या भारतात येणाऱ्या प्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर अहवाल चढवावा लागतो.

वाशी सेक्टर १७ | १६ नोव्हेंबर २०२१

एजंटच्या सल्ल्यातील खरी मेख दोन वेगवेगळ्या तिकिटांत आहे. एकाच तिकिटावर सामान सहसा पुढे जाते आणि प्रवासी ट्रान्झिट भागातच थांबतो. तिकिटे वेगळी असतील तर सामान घेण्यासाठी बहुधा इमिग्रेशन ओलांडावे लागते, म्हणजे तो ब्रिटनमधील प्रवेशच ठरतो आणि तेथील नियम लागू होतात. ब्रिटन कोव्हॅक्सिनला २२ नोव्हेंबरपासूनच मान्यता देणार आहे. पैसे वाचतात म्हणून ज्येष्ठांना या भानगडीत पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे असे की कागदपत्रे प्रथम विमान कंपनीचा कर्मचारी मुंबईच्या काउंटरवरच तपासतो. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि लसीच्या प्रमाणपत्रावर अनेकदा नसते. कोविनवर नावाची दुरुस्ती करता येते, पासपोर्ट क्रमांक जोडता येतो आणि पूर्ण जन्मतारीखही घालता येते. हे काम आजच उरकावे.

घोडबंदरवासी | ४ डिसेंबर २०२१

आभारी आहे. नेवार्कचे थेट विमान घेतले आहे. १६ तारखेला निघणार आहेत. परंतु ओमायक्रॉनच्या बातम्यांनंतर चाचणीची मुदत बदलल्याचे ऐकतो. ते खरे आहे का?

सानपाडेकर | ४ डिसेंबर २०२१

होय. ६ डिसेंबरपासून लस घेतलेल्यांनाही निघण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलेली चाचणी लागेल. अँटिजेन चाचणीही चालते, त्यामुळे १५ तारखेला सकाळी ती करून घ्यावी आणि अहवालावरील नाव पासपोर्टशी तेथेच जुळवून पाहावे. परतीचे नियमही १ डिसेंबरपासून बदलले असून एअर सुविधावर आता मागील १४ दिवसांच्या प्रवासाचा तपशील द्यावा लागतो. त्यातच महाराष्ट्राने केंद्रापेक्षा कडक आदेश काढल्याने केंद्राने आक्षेप घेतला आणि राज्याला तो बदलावा लागला. म्हणून परतीच्या वेळी दिल्लीबरोबर राज्य सरकारचा त्या आठवड्यातील आदेशही पाहावा.