बीकॉम करून एलएलबी की पीयूसी (बारावी) नंतर थेट ५ वर्षांचं? जज व्हायचंय, सल्ला द्या

खानापूरची_लेक:
नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, पीयूसी कॉमर्स आत्ताच झाली, ७८ टक्के पडले, दहावीपर्यंत मराठी मिडीयम. कायद्याकडंच जायचं हे पक्कं आहे. आमच्या वाटणीच्या केसचा निकाल लागला तेव्हा बाबा तो कागद घेऊन घरी आले, १२ पानं सगळी कन्नडमधली, सोप्यात बसून उलटीसुलटी करून बघत होते पण जिंकलो की हरलो तेच कळेना, वकिलांनी फोनवर नंतर बोलूया एवढंच सांगितलेलं. शेवटी शेजारच्या गावातल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडनं वाचून घेतला. तेव्हापासनं डोक्यात हेच आहे.
आता बाबा म्हणतात आधी बीकॉम कर मग ३ वर्षांचं एलएलबी, मामा म्हणतात थेट ५ वर्षांचं बीए एलएलबी, मैत्रीण म्हणते बीबीए एलएलबीला किंमत जास्त. मला जज व्हायचंय, नाही जमलं तर बेळगावातच वकिली. कुठली डिग्री घेऊ आणि बेळगाव की कोल्हापूर?

काळा_कोट_बेळगाव:
ताई, तुझ्या बाबांचं वाचून पोटात कालवलं. १२ वर्षं झाली बेळगावात वकिली करतोय, असे कागद घेऊन येणारी माणसं रोज बघतो.
आधी एक डोक्यातनं काढ, की अमुक एलएलबी मोठी नि तमुक बारकी. बार कौन्सिलची मान्यता असलेल्या कॉलेजातनं ३ वर्षांचं कर नाहीतर ५ वर्षांचं, सनद म्हणजे वकिलीचा परवाना एकच, त्यानंतरची ऑल इंडिया बार परीक्षा एकच, आणि कोर्टात उभारल्यावर पक्षकार काय डिग्रीचं नाव विचारत नाही, माझं काम होईल काय म्हणून विचारतो.
जज व्हायचंय तर वर्षं मोज. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय की सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनला, म्हणजे जजच्या सगळ्यात खालच्या पायरीला, अर्ज करायला कमीत कमी ३ वर्षं वकिली केलेली पाहिजे, ती बार कौन्सिलकडं तात्पुरती नोंदणी झाल्या दिवसापासनं धरतात, आणि त्याचा दाखला त्या कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाकडनं, नाहीतर १० वर्षं झालेल्या वकिलाकडनं घेऊन त्यावर त्या न्यायाधीशाची सही घ्यावी लागते. म्हणजे ५ वर्षांचं केलीस तर ८ वर्षांनी अर्ज, बीकॉम करून केलीस तर ९. फरक एका वर्षाचा.
मग बघायचं काय, तर घरची परिस्थिती. ५ वर्षांच्या कोर्समधनं मधेच उठता येत नाही, ३ वर्षं करून सोडलंस तर बीए पण हातात पडत नाही. घरात कुणाचं आजारपण असेल, लग्नाची घाई चालली असेल, पैशाची ओढाताण असेल तर बाबा म्हणतात ते बरोबर आहे, बीकॉम हातात असलेलं बरं. तसं काय नसेल तर मी ५ वर्षांचंच सांगेन, पहिल्या वर्षापासनं कायद्याची भाषा कानावर पडते, आणि सुट्टीत कुणातरी सिनियरच्या ऑफिसात बसायला वेळ मिळतो.

निपाणीकर_०८:
मी निपाणीचा, कोल्हापुरातनं केलं ३ वर्षांचं. तिकडं जायला महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते, आपल्याकडं बहुतेक कॉलेजात मार्कांवर होतं. सनद कुठलीही असो, भारतात कुठंही वकिली करता येते, पण कोर्टाची भाषा सोबत येत नाही हे मला परत आल्यावर कळलं. तिकडं खालच्या कोर्टात मराठी, इथं कन्नड. जबानी कन्नडमधी लिहून घेतात, मी नुसता बघत उभा, दोन वर्षं सिनियरच्या क्लार्ककडनं अक्षरं शिकलो, त्याचे उपकार विसरणार नाही.
तुला कर्नाटकात जज व्हायचं असेल तर कन्नड लागणारच, परीक्षेत इंग्रजी कन्नड भाषांतराचा पेपर असतो. महाराष्ट्रात व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी, मराठी तुझी आहेच, नि आता ऑगस्ट २०२५ पासनं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच पण कोल्हापुरात सुरू झालंय. तर आधी राज्य ठरव, कॉलेज त्यामागनं ठरेल.

पुणे_ते_टिळकवाडी:
बीबीए एलएलबीबद्दल सांगते, मी तेच केलंय, पुण्यात एका कंपनीच्या लीगलमध्ये आहे. दिवसभर करार वाचायचे, कोर्टाचं तोंड वर्षात एकदा बघते. ज्यांना कंपनीत जायचंय त्यांनी बीबीए किंवा बीकॉम एलएलबी घ्यावं, जोडीला सीएस (कंपनी सेक्रेटरी) केलं तर अजून चांगलं, आणि जमत असेल तर क्लॅट देऊन नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, पेपर इंग्रजीतच असतो हे लक्षात ठेव. तुझं मन कोर्टात आहे, किंमत जास्त म्हणून बीबीएकडं वळू नकोस गं.

सावळे_काका:
बाळ, आपल्या गावाकडं अजून लोक विचारतात पत्राने एलएलबी होतं काय. होतं म्हणून कुणी सांगितलं तर पैसे देऊ नकोस, त्यावर सनद मिळत नाही. आणि सनदेची फी, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलंय की ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, एससी एसटीला १२५.
कन्नडला घाबरू नकोस. वादी, प्रतिवादी, साक्षी, आदेश हे शब्द तिकडंही तेच, तीर्पु म्हणजे निकाल, आस्ति म्हणजे मालमत्ता, असे दोनेकशे शब्द झाले की निम्मा कागद उलगडतो. उलट मराठी तुझी जमेची बाजू हाय. १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं आजोबा पणजोबांची खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत, जुनी तर मोडीत. माझ्या ऑफिसात परवा एक मोडीतला कागद आला, कडा झिजून गेलेल्या, मधे शाई पसरलेली, आणि त्याच्यावर ४ एकर शेताचा हक्क अडकलाय. तो वाचणारं माणूस शोधायला तीन दिवस गेले. मोडी शिक, कन्नड शिक, दोन्ही.

खानापूरची_लेक:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना, बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं सगळं. लग्नाची घाई नाही म्हणाले, म्हणून बेळगावातच ५ वर्षांचं बीए एलएलबी. आणि कन्नड आजपासनंच, तो १२ पानांचा निकाल परत काढलाय, पहिल्या पानावर वादी प्रतिवादी सापडले, बाबा शेजारी बसून तीर्पु कुठं लिहिलंय ते शोधायलेत. काका, मोडीचा वर्ग आपल्याकडं कुठं चालतो काय?