बुद्धिबळातील ओपनिंगची नावे आणि ‘ए ते ई’ वर्गीकरण: आधार नेमका कोणता?

प्रश्न: रामबागचा_पट (इंदूर)

नमस्कार. इंदूरच्या रामबाग भागात आम्ही काही पालक मिळून दर रविवारी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग चालवतो. वर्गासाठी ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळींची, छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले असून ते अनुक्रमणिकेपाशीच अडले आहे. वर्गातील एका मुलीने आपला डाव मोबाइलमध्ये भरला, तेव्हा पांढऱ्याच्या सी४ (प्यादे सी स्तंभाच्या चौथ्या घरात) या पहिल्या खेळीनंतर पडद्यावर ‘इंग्लिश ओपनिंग, ए१०’ असे दिसले आणि चौथ्या खेळीला त्याच डावाचे नाव ‘क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, डी३७’ असे झाले. “काका, मग मी खेळले तरी काय?” या तिच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही.

ही नावे कोण ठरवते? फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाची काही अधिकृत यादी आहे का? ए, बी, सी ही अक्षरे कोणत्या तत्त्वावर दिली आहेत? आणि पुस्तिकेत नावाला प्राधान्य द्यावे की कोडला? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: सराफ्यातला_हत्ती (इंदूर)

आधी कोडविषयी लिहितो, कारण त्याचा उगम निश्चित सांगता येतो. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’ या प्रकाशनात जगभरचे निवडक डाव छापले जात. वाचक अनेक भाषांचे असल्यामुळे टिपा शब्दांऐवजी चिन्हांत देण्याची पद्धत तेथे रूढ झाली. ओपनिंगलाही कोणत्याच भाषेवर न अवलंबणारी खूण हवी होती आणि त्या गरजेतून एक अक्षर व दोन अंक असा कोड आला. १९७४ पासून त्याच संस्थेने ओपनिंगचा कोश पाच खंडांत काढला. त्याला आपण ईसीओ (एन्सायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज) म्हणतो. ए०० ते ई९९ असे त्याचे एकूण ५०० कोड आहेत.

अक्षरांचे तत्त्व असे. पांढऱ्याने ई४ खेळल्यावर काळ्याने ई५ किंवा ई६ असे उत्तर दिले तर डाव सी खंडात जातो, आणि सिसिलियन, कारो-कान यांसारखे दुसरे कोणतेही उत्तर दिले तर बी खंडात. डी४ ला डी५ हे उत्तर आले तर डी खंड. डी४ घोडा एफ६, सी४ आणि मग ई६ किंवा जी६ अशी इंडियन पद्धतीची मांडणी झाली तर ई खंड. या चौकटीत न बसणारे सर्व ए खंडात टाकले आहे, म्हणूनच डी४ ने सुरू होणारे डच आणि बेनोनी हे डिफेन्स डी किंवा ई खंडात न सापडता ए खंडात सापडतात. ग्रुनफेल्डचे उदाहरण आणखी बोलके आहे: तो दिसतो किंग्ज इंडियनसारखा, पण काळा तिसऱ्या खेळीला डी५ करतो, म्हणून त्याला डी७० ते डी९९ ही जागा मिळाली.

आता त्या मुलीच्या डावाकडे येतो. सी४ घोडा एफ६, घोडा सी३ ई६, डी४ डी५, घोडा एफ३ असा क्रम असणार. चौथ्या खेळीनंतर पटावर जी स्थिती येते, ती डी४ ने सुरुवात करूनही हुबेहूब तशीच येते. खजुरी बाजारातून आलात किंवा जवाहर मार्गाने आलात, तरी समोर राजवाडाच उभा असतो. ॲप प्रत्येक खेळीनंतर समोरची स्थिती आपल्या यादीशी ताडून पाहते आणि जुळलेले शेवटचे नाव दाखवते. त्यामुळे तिला सांगावे की ती इंग्लिशच्या वाटेने क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्ये पोहोचली. दोन्ही नावे आपापल्या क्षणी बरोबर होती.

मात्र हे वर्गीकरण आपल्या काळाच्या आवडीनिवडी घेऊन आलेले आहे. रुय लोपेझला सी६० ते सी९९ असे ४० कोड आणि सिसिलियनमधील एकट्या नायडॉर्फला बी९० ते बी९९ असे १० कोड मिळाले आहेत. आज आपल्या वर्गातली निम्मी मुले खेळत असलेल्या लंडन सिस्टिमला मात्र स्वतःचा सलग पट्टा नाही. काळ्याच्या उत्तरानुसार ती डी०२, ए४६, ए४८ अशी विखुरलेली आहे.

उत्तर: काळी_मोहरी (इंदूर)

कोडचे सांगून झालेच आहे, म्हणून मी नावांविषयीच लिहिते. फिडेचे नियम मोहऱ्यांच्या चाली, घड्याळ आणि नोंद यांविषयी बोलतात. ओपनिंगचे नाव काय असावे हा त्यांचा विषयच नाही. नाव रूढ होते ते छापील लेखनातून आणि खेळाडूंच्या बोलण्यातून, त्यामुळे एकाच ओपनिंगला दोन-तीन नावे असणे अगदी स्वाभाविक आहे. रुय लोपेझलाच स्पॅनिश म्हणतात, पेत्रोव्हला रशियन म्हणतात.

नाव पहिल्या खेळाडूचे असते, ही समजूत मुलांच्या मनातून आधी काढावी. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूचे पुस्तक १५६१ चे आहे, पण ते ओपनिंग त्याच्या कितीतरी आधीच्या, सुमारे १४९० च्या गटिंगन हस्तलिखितात आढळते. नाव मात्र ज्याने त्यावर विस्ताराने लिहिले त्याला मिळाले. गावांची आणि देशांची नावे बहुधा एखाद्या सामन्यामुळे चिकटली आहेत. एडिंबरा आणि लंडन यांच्यात १८२४ ते १८२८ या काळात पत्राने झालेल्या सामन्यावरून स्कॉच, आणि १८३४ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस-लंडन पत्रसामन्यावरून फ्रेंच. बार्सिलोनाच्या १९२९ च्या स्पर्धेत कातालोनियाच्या सन्मानार्थ टार्टाकोव्हर या नामवंत खेळाडूने कॅटलान खेळून दाखवले. हाच गृहस्थ १९२४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान पाहून आला आणि पुढच्या डावात बी४ ही पहिली खेळी करून तिला त्या माकडाचे नाव देऊन बसला. (मुलांना ही गोष्ट सांगाच, बी४ ते जन्मात विसरणार नाहीत.)

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण कलकत्त्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे जॉन कॉक्रेन हा वकील आणि मोहेशचंद्र बॅनर्जी हे अनेक डाव खेळले. आपल्या देशी पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाता येत असे, आणि बॅनर्जींच्या खेळात जी६, डी६ अशी एकेका घराची मांडणी करून उंट कोपऱ्याच्या कर्णावर बसवण्याची जी सवय दिसते, तिचे मूळ बरेच जण त्यातच पाहतात. १८५५ च्या एका डावात कॉक्रेनच्या डी४, सी४, घोडा सी३ या खेळींना त्यांनी घोडा एफ६, जी६ आणि डी५ अशी उत्तरे दिली. हा आज ज्याला ग्रुनफेल्ड म्हणतात तोच डिफेन्स आहे, आणि अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो मोठ्या स्पर्धांत आणला १९२२ मध्ये. उलट १८४८ च्या डावात कॉक्रेनने बॅनर्जींच्याच पेत्रोव्ह डिफेन्सविरुद्ध एफ७ वर घोडा बळी दिला, त्या खेळीला आजही कॉक्रेन गॅम्बिट म्हणतात. एकाच पटाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांपैकी एकाचे नाव पुस्तकांत राहिले आणि दुसऱ्याच्या वाट्याला किंग्ज इंडियनसारख्या नावांतले ‘इंडियन’ हे सामुदायिक विशेषण आले, हे मला तरी न्याय्य वाटत नाही.

उत्तर: प्यादे_पुढे (इंदूर)

माझे मत थोडे वेगळे आहे. बारा वर्षांखालील मुलांना नावे आणि कोड दोन्ही नंतर द्यावेत. आधी प्याद्यांची रचना शिकवावी. नावांमुळे घोटाळेच जास्त होतात. स्टाँटन या इंग्रज खेळाडूने १८४३ च्या सामन्यात खेळलेले सी४ ते इंग्लिश ओपनिंग, आणि १९८० च्या दशकात जॉन नन, नायजेल शॉर्ट यांसारख्या इंग्रज खेळाडूंनी गाजवलेला इंग्लिश अटॅक हा सिसिलियनमधला. दोहोंचा पटावर काडीचा संबंध नाही.

रामबागचा_पट (इंदूर)

सर्वांचे आभार. अनुक्रमणिका खेळींच्या क्रमाने लावतो, म्हणजे अक्षरांचे खंड आपोआप येतील. नाव ठळक, कोड समासात, आणि एकाच स्थितीकडे जाणाऱ्या वाटा बाणाने दाखवीन. ग्रुनफेल्डच्या पानावर १८५५ च्या डावाच्या पहिल्या तीन खेळी बॅनर्जींच्या नावासह छापतो. एक शंका उरली: आमच्याकडे एक मुलगा हट्टाने ए३ ने डाव सुरू करतो. त्याला पुस्तिकेत कोठे बसवू?

सराफ्यातला_हत्ती (इंदूर)

ए०० मध्ये, बी४ आणि जी४ यांच्या शेजारी. ए३ ला अँडरसन ओपनिंग म्हणतात. १८५८ मध्ये पॅरिसला अमेरिकन खेळाडू मॉर्फीविरुद्धच्या सामन्यात जर्मन खेळाडू अँडरसनने ती खेळली होती. तो सामना अँडरसन मोठ्या फरकाने हरला, एवढे मात्र त्या मुलाला आताच सांगू नका.