कामं संपली तरी घाई संपत नाही, हळू व्हायचं कसं?

पानगळ:
बरेच दिवस विचारायचं होतं, आज लिहितेच. मागच्या रविवारी दुपारी दोरीवरचे कपडे काढत होते. घरात कुणी नाही, संध्याकाळपर्यंत काही काम नाही, आणि तरी मी चिमटे न काढताच कपडे ओढत होते. एक चिमटा तुटून उडाला आणि नवऱ्याच्या शर्टाची शिवण खांद्यापाशी टर्रकन उसवली. तो शर्ट हातात धरून तशीच उभी राहिले, म्हटलं अगं बाई, घाई कसली आहे तुला? उत्तरच नव्हतं. मग दोन दिवस स्वतःकडे जरा लक्ष दिलं तर कळलं की मी दातसुद्धा घाईत घासते, जिना उतरताना डोक्यात पुढचंच काहीतरी चालू असतं, मुलगी बुटाची नाडी बांधत असते तर तिच्या हातातून ओढून मीच बांधून टाकते, आणि तिचा चेहरा पडलेला असतो ते मला रात्री आठवतं. नोकरी सोडायची नाहीये, मला काम आवडतं. पण हे कुणीतरी मागे लागल्यासारखं जगणं थांबवायचंय. कुणी जमवलंय का? मेडिटेशनचं अ‍ॅप दोनदा टाकून काढून टाकलं, त्यातही किती मिनिटं उरली तेच बघत बसायचे.

अर्धविराम:
ताई, काम जास्त असणं वेगळं आणि घाई असणं वेगळं, हे तुम्हाला त्या रविवारीच कळलंय, काम नव्हतं तरी घाई होतीच की. अमेरिकेतल्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी, मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी, १९५९ मध्ये सतत घड्याळाशी झुंजणाऱ्या माणसांवर लिहिलं होतं, अशा स्वभावाला टाइप ए म्हणणं त्यांच्यामुळेच रुळलं. पुढे त्याचा हार्ट अटॅकशी संबंध ते म्हणत होते तितका पक्का निघाला नाही, पण ते वर्णन वाचताना मी स्वतःलाच बघत होतो. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करून टाकणं, एका वेळी दोन कामं, रांगेत उभं राहिलं की जीव कासावीस.
मी काय केलं सांगतो. दिवसातलं एकच काम निवडलं, घराचं कुलूप उघडणं. आधी किल्ली काढायची, कुलपाकडे बघायचं, मग घालायची, दार उघडेपर्यंत फोन खिशात. जेमतेम पंधरा सेकंदांचं काम, पण पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा आत येऊन चपला काढल्यावर आठवायचं की अरे, आजही राहिलं. तेव्हा स्वतःवर चिडायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे, कारण चिडलो की लगेच परत घाई सुरू. आणि दारात उभं राहून एक श्वास लांब सोडायचा. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, त्यामुळे शरीर आपोआप थोडं खाली येतं. अ‍ॅपची गरज नाही.

खडीवाट:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन शिफ्ट करणाऱ्याला किंवा घरात आजारी माणूस असणाऱ्याला कुणी हळू जगा म्हटलं की मला त्रास होतो. माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती, सकाळी तिचं सगळं आवरून साडेसातला बाहेर पडायचो, तेव्हा श्वास लांब सोडून काही झालं नसतं. मला मोकळं वाटलं ते बहिणीने आठवड्यातले तीन दिवस वाटून घेतले तेव्हा. म्हणून आधी हे बघा की घरात कुणाची कामं कोण ओढतंय. शर्ट नवऱ्याचा आहे ना, मग दोरीवरून तोही काढू शकतो.
पण एक गोष्ट त्या तीन वर्षांत शिकलो, ती मात्र खरी आहे. आईला कुशीवर वळवताना मी घाई केली की ती अंग आखडून घ्यायची, घाबरायची, मग दुप्पट वेळ आणि दोघांनाही त्रास. नंतर नंतर मी हात तिच्या पाठीखाली सरकवून नुसता थांबायचो. काही बोलायचो पण नाही. तीन-चार श्वासांत तिचे खांदे सैल पडायचे, ते हाताला कळायचं, आणि मग ती जवळजवळ स्वतःहून वळायची. कामाला एकूण वेळ कमीच लागायचा. ते थांबणं आता आई नसतानाही माझ्या हातात राहिलंय.

जुना कंदील:
खडीवाट, छान लिहिलंत, ते पाठीखालच्या हाताचं वाचून दोन मिनिटं काही सुचेना.
पानगळ, मुलीच्या चेहऱ्याबद्दल लिहिलंय म्हणून सांगते. अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, १९७३ साली छापून आला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात पडलेला ठेवला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय म्हणून पळवलेल्यांपैकी फक्त १० टक्के. आणि त्यातल्या काहींचं भाषण वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच होतं! म्हणजे ती मुलं वाईट नव्हती, घाईत समोरचा माणूस दिसतच नाही. तेव्हा तुम्ही वाईट आई आहात असं मनात आणू नका, कृपा करा.
एक करून बघा, नाडी बांधायला तिला खरंच किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा. अंदाजात आपण सगळेच चुकतो, काह्नेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस स्वतःच्या कामाला कमी वेळ धरतो आणि मग धावत सुटतो. पण दुसऱ्याची वाट बघताना मात्र तोच वेळ आपल्याला फुगून दिसतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

पानगळ:
सगळ्यांचे खूप आभार, तीन वेळा वाचलं. आज सकाळी मोजलं. डाव्या बुटाला पन्नास सेकंद, उजव्याला एक मिनिट दहा, कारण मधेच गाठ सुटली आणि तिने परत पहिल्यापासून केली. म्हणजे दोन मिनिटं. मला इतके दिवस वाटायचं दहा तरी जातात. ती दोन मिनिटं मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, नाहीतर हात गेलाच असता. गाठ बसल्यावर तिने वर बघितलं, मी अजून तिथेच आहे का ते बघायला.
नवऱ्याशीही बोलले, कपडे वाळत घालणं, काढणं आता त्याच्याकडे. आणि खडीवाटदादा, तुमचं ते हात सरकवून थांबणं उद्या तिचे केस विंचरताना करून बघणार आहे, सगळ्यात जास्त मी तिथेच ओढते.