शब्दचर्चा: 'तर' आणि 'तरच' एकच का?

भाचा बारावीला आहे, गणिताचा पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिक, इंग्रजीतून डोक्यात शिरेना म्हणून काल मी मराठी वाक्यं घेऊन बसले. वाक्य होतं 'हॉल तिकीट असेल तरच परीक्षेला बसता येईल'. क म्हणजे हॉल तिकीट आहे, ख म्हणजे परीक्षेला बसता येतं. मी सरळ क → ख लिहिलं (बाण म्हणजे 'क असेल तर ख'). तो म्हणाला मावशी, बाण उलटा आहे, ख → क पाहिजे. अर्धा तास वाद झाला. 'च' तर नुसता जोर द्यायला असतो ना? मग बाण का फिरेल?

प्रतिसाद:
भाच्याचं बरोबर आहे. 'च' जोर देतो हे खरंच, पण इथे तो जोर देता देता बाणच फिरवतो. 'असेल तर बसता येईल' म्हणजे तिकीट दाखवलं की झालं, आणखी काही लागत नाही, मग पेपर संपायला पाच मिनिटं असताना कोणी तिकीट घेऊन आला तरी त्याला बसवावं लागेल. 'तरच' असलं काही कबूल करत नाही, ते एवढंच सांगतं की जो आत बसलाय त्याच्याकडे तिकीट आहे. पहिल्यात तिकीट पुरेसं आहे, दुसऱ्यात आवश्यक आहे, आणि हे दोन शब्द आपण बोलताना फार सहज एकमेकांच्या जागी वापरतो.

पटत नसेल तर टेबल मांडून बघा. क-ख चे चार प्रकार: दोन्ही खरे, फक्त क खरं, फक्त ख खरं, दोन्ही खोटे. बाण खोटा ठरतो तो फक्त मागचं खरं आणि पुढचं खोटं असेल तेव्हा, म्हणून या क्रमाने क → ख चा कॉलम येतो खरं, खोटं, खरं, खरं. ख → क चा येतो खरं, खरं, खोटं, खरं. कॉलम जुळत नाहीत, म्हणजे विधानं समतुल्य नाहीत. आता ~ख → ~क चा काढा (~ म्हणजे नाही), परत खरं, खोटं, खरं, खरं, म्हणजे हे पहिल्याशी तंतोतंत जुळलं. यालाच मुलं कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. नुसता उलटा केलेला तो व्यत्यास, दहावीच्या भूमितीत पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास असतो ना, तोच शब्द. तिथे व्यत्यास खरा निघतो म्हणून मुलांना वाटतं नेहमीच निघतो, तर तसं नाही. ६ ने भाग जात असेल तर ३ ने जातो, पण ९ ला ३ ने जातो आणि ६ ने जात नाही.

प्रतिसाद:
यात आपल्याकडचा जुना शब्द सांगायलाच हवा, व्यतिरेक. न्यायशास्त्रात (कायद्याचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) 'जिथे धूर तिथे अग्नी' ही अन्वयव्याप्ती, उदाहरण स्वयंपाकघर. आणि 'जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही' ही व्यतिरेकव्याप्ती, उदाहरण तळं. बघा, दोन्ही बाजूंना 'नाही' लावलं आणि क्रमही उलटला, हे कॉन्ट्रापॉझिटिव्हच झालं. व्यत्यास मात्र न्यायशास्त्र्यांनी चालू दिला नाही, 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हणणाऱ्यापुढे ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतात, अग्नी आहे, धूर नाही. आणि पुढे कारणही देतात की धूर यायला ओलं सरपण लागतं, त्या जादा अटीला नाव 'उपाधी'. मला हे प्रचंड आवडतं, कारण नुसतं चूक म्हणून थांबत नाहीत, कुठली अट राहून गेली तेही सांगतात. माझं मत विचाराल तर कॉन्ट्रापॉझिटिव्हला मराठीत व्यतिरेक म्हणायला काहीच हरकत नाही.

प्रतिसाद:
व्यतिरेक छान. मी 'जरी-तरी' बद्दल लिहितो. व्याकरणात तेही जर-तर सारखंच संकेतबोधक (अट दाखवणाऱ्या) अव्ययांत बसवतात म्हणून मुलं तिथेही बाण काढतात. पण 'पाऊस होता तरी मॅच झाली' यात अट कुठे आहे? पाऊस होता आणि मॅच झाली, दोन्ही घडलं, सरळ क ∧ ख. 'पाऊस आला तरी मॅच होईल' मध्ये तर पाऊस येवो न येवो, मॅच होणार, म्हणजे उरतं फक्त ख. आणि 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' हे या टेबलात घालूच नका, पाऊस पडलाच नाही हे वाक्यातच आहे, म्हणजे क खोटं, त्यामुळे बाण आपोआप खरा ठरतो आणि सांगायचं ते हातातून निसटतं.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार, भाच्याला दाखवलं, खूश आहे. माझी अडचण कुठे होती ते आता कळलं. घरात आपण 'भांडी घासलीस तर पन्नास रुपये देईन' म्हणतो आणि ऐकणारा 'तरच' ऐकतो, न घासता दिले तर त्याला नवल वाटतं, पण मी शब्द मोडला असं कोणी म्हणणार नाही. 'हॉल तिकिटाशिवाय बसता येणार नाही' पण मांडून पाहिलं, ~क → ~ख, त्याचा व्यतिरेक घेतला की ख → क, म्हणजे 'शिवाय नाही' आणि 'तरच' एकच निघाले, मस्त वाटलं.

आता एक नवीन सापडलंय. भाच्याच्या वहीत क ∨ ख आणि ~क → ख समतुल्य दाखवा असं गणित आहे, ∨ म्हणजे किंवा. तो टेबल मांडत बसला आणि मी म्हटलं अरे, 'अभ्यास कर नाहीतर नापास होशील'. 'नाहीतर' आपण किंवाच्या जागी वापरतो, आणि फोडला तर 'नाही तर', क नाही तर ख! हिंदीत 'नहीं तो' तसंच दिसतंय. कोकणीत किंवा अहिराणीत काय म्हणतात, कोणी सांगेल का?