विषय: टोरांटोचा महापौर आणि मुंबईचा महापौर

टोरांटोत महापौर थेट लोक निवडतात, म्हणून शहराचा कारभार शहराच्याच हातात, असं कोणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं आहे. मुंबईत नगरसेवक महापौर निवडतात आणि खरा कारभार आयुक्त चालवतात, हा फरक मान्य. पण २०१८ आठवा. जुलैच्या अखेरीस, शहराच्या निवडणुकीचे अर्ज भरायची मुदत संपत असताना ऑन्टारिओचे (टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याचे) प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्र्यांसारखे प्रांतप्रमुख, डग फोर्ड यांनी टोरांटोच्या ४७ वॉर्डांचे २५ करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा प्रचार सुरू होता! कालपर्यंत शेजारच्या वॉर्डात असलेले दोन नगरसेवक एकाच जागेसाठी समोरासमोर आले. (फोर्ड स्वतः २०१४ मध्ये इथेच महापौरपदाला पडले होते, हे आपलं सहज.) प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल प्रांताच्या बाजूने लागला. कॅनडाच्या राज्यघटनेत शहरं प्रांतांच्या अखत्यारीत, त्यामुळे प्रांताने मनात आणलं की वॉर्ड बदलतात.

बाकी टोरांटोत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. २०२३ च्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत तर १०२ उमेदवार होते. ऑलिव्हिया चाऊ ३७ टक्के मतांवर निवडून आल्या. एवढ्या नावांत मतदार ओळखीचंच नाव शोधणार. नवख्याने काय करायचं?